कडेची फट आणि व्हाइट सिमेंट

नांदेडच्या आमच्या घरात बाथरूमच्या कडेची फट दिवाळीच्या आधी भरली जायची आणि उन्हाळा लागला की पुन्हा तोंड उघडायची. येणारा प्रत्येक मिस्त्री आधीच्याला नावं ठेवी, व्हाइट सिमेंट कालवी, बोटानं फासून मोकळा होई. मालात खोट नव्हती. आमच्याकडे तळमजल्याची फरशी भरावावर बसते, भराव काळ्या मातीवर. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंत पायावर उभी, ती जागची हलत नाही. फरशी मात्र केसभर खालीवर होते. दोघींच्या मधल्या कोपऱ्यात कडक सिमेंट भरलं की ते तडकणारच. दोन टाइल्समधल्या सांध्यांना ग्राउट चालतं, कडेला ताण सोसणारं सीलंटच हवं.

लातूरला ताईकडे वेगळीच तऱ्हा. बोअरचं जड पाणी, टाइल्सवर पांढरा थर, तो काढायला दर रविवारी अॅसिड. फेस आला की सगळ्यांना बरं वाटायचं. त्या फेसाबरोबर सांध्यातलं सिमेंटही जातं, आणि शहाबादी असेल तर फरशीसुद्धा, ती चुनखडकच. बाथरूम लख्ख, अन् पलीकडच्या खोलीच्या भिंतीला गुडघाभर ओल, पोपडे.

"वरची टाकी गळत असेल," भाऊजी म्हणाले.

"टाकीची ओल वरून उतरली असती भाऊजी, ही खालून चढलीय."

फट भरण्याआधी कडेच्या टाइल्स चमच्याच्या दांड्यानं ठोकून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. ती टाइल काढून पुन्हा बसवावी लागेल. पाणी जाळीकडे न जाता कडेला साचत असेल तर आधी ढाळ दुरुस्त करा. हे सोडून फट बुजवणं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी.

मग जुना माल पार खरवडायचा आणि जागा खडखडीत वाळू द्यायची. कठीण काम हेच. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातुरात भरलेलं बॅरल हलवा म्हटलं की घरात वाद होतो, आणि नेमकी बॅरलखालची कड कधी वाळत नाही. बॅरल हलवाच, दोन दिवस आंघोळी शेजारी उरका, पंखा लावून ठेवा.

सिलिकॉन न्यूट्रल मागा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटला आणि शहाबादीला मानवत नाही. फट खोल असेल तर आत फोमची दोरी दाबा, नाहीतर अख्खी ट्यूब पोटात जाते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एका दमात फिरवा, माल ओला असतानाच पट्टी ओढा. पुढचा पूर्ण दिवस पाणी बंद.

ट्यूब घेताना मागची तारीख वाचा. मुदत उलटलेला माल अनेकदा धड वाळतच नाही, चिकट राहतो, आणि तो खरवडताना जीव मेटाकुटीला येतो.