रेडिओच्या काचेवर दोन आकडे का?

प्रश्न : आजोबांचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ माळ्यावरून काढून पुसला. काचेवर एका ओळीत मीटर आणि दुसऱ्या ओळीत किलोसायकल लिहिलंय. सुई एकच, मग आकडे दोन कशाला? सुई सरकवली की एक आकडा वाढतो आणि दुसरा कमी होतो, असं का? आवाजालाही हाच नियम लागतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कागद-पेन्सिल घेऊन त्या काचेजवळ बसा. 500 मीटरच्या खुणेसमोर 600 किलोसायकल दिसेल, 300 मीटरसमोर 1000, 200 मीटरसमोर 1500. आता प्रत्येक जोडीचा गुणाकार करा. दर वेळी उत्तर 3,00,000 येईल. किलोसायकल म्हणजे आजचं किलोहर्ट्झ, सेकंदाला हजार कंपनं. आणि 3,00,000 हा आकडा तुम्हाला शाळेतच भेटलेला आहे : प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. रेडिओ लहरी प्रकाशाच्याच कुळातल्या, त्यामुळे त्यांचा वेगही तोच. आजोबांच्या रेडिओच्या काचेवर प्रकाशाचा वेग छापलेला आहे, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

मीटरचा आकडा म्हणजे तरंगलांबी, लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर. किलोसायकलचा आकडा म्हणजे वारंवारता, सेकंदाला किती लहरी निघतात ती संख्या. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झला लागत आलंय. म्हणजे त्याच्या मनोऱ्यावरून सेकंदाला 7,92,000 लहरी निघतात. सेकंद संपतो तेव्हा पहिली लहर 3 लाख किलोमीटरवर पोचलेली असते आणि बाकीच्या तिच्यामागे ओळीने, मध्ये फट न ठेवता. तेवढ्या अंतरात 7,92,000 लहरी बसवल्या की एकेकीच्या वाट्याला साधारण 379 मीटर येतात. वारंवारता दुप्पट केली तर त्याच अंतरात दुप्पट लहरी मावायला हव्यात, म्हणून प्रत्येक लहर निम्मी होते. तुमच्या सुईखाली एक आकडा चढतो आणि दुसरा उतरतो तो एवढ्याचसाठी.

आवाजाचा नियम हाच, फक्त गुणाकाराचं उत्तर वेगळं. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. सेकंदाला 440 कंपनांचा सूर घेतला तर त्याची लहर 78 सेंटिमीटरची. वरच्या सप्तकातला तोच सूर 880 कंपनांचा, लहर 39 सेंटिमीटरची. इथे एक घोळ टाळायला हवा. पुणे केंद्रावर कुणी तो 440 चा सूर लावला, तर मनोऱ्यावरून 78 सेंटिमीटरच्या लहरी निघत नाहीत. निघते ती 379 मीटरची रेडिओ लहर. सुराप्रमाणे तिचा जोर कमी-जास्त होत राहतो. त्या चढउतारातून सूर वेगळा काढून तो स्पीकरला द्यायचं काम तुमच्या घरातला रेडिओ करतो.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाची लहर काही मीटर लांबीची असते, तर झांजेचा झणकार काही सेंटिमीटरचा. घराच्या कोपऱ्याला वळसा घालणं लांब लहरीला सहज जमतं, आखूड लहरीला जमत नाही. म्हणून पथक पलीकडच्या गल्लीत असतं तेव्हा घुमतो तो ढोल. झांजा स्पष्ट ऐकू येतात त्या पथक वळणावरून समोर आल्यावर.

सूत्र तर पाठ होतं. पण वेग, वारंवारता आणि तरंगलांबी या तिघांत कोण काय ठरवतं हे कळणं मला जास्त मोलाचं वाटतं. वारंवारता लहर जिथून निघते तिथेच ठरते. वेग माध्यम ठरवतं. तरंगलांबी या दोघांच्या हिशोबातून निघते, त्यामुळे माध्यम बदललं की बदलते तीच. पाण्याने भरलेल्या बादलीत लाल बांगडी टाकून पाहा. लाल प्रकाशाची तरंगलांबी हवेत सुमारे 650 नॅनोमीटर असते. पाण्यात प्रकाशाचा वेग तीन-चतुर्थांशावर येतो, म्हणून तिथे ती 490 च्या आसपास उतरते. हवेत एवढी तरंगलांबी निळसर हिरव्या प्रकाशाची असते. तरी बांगडी लालच दिसते. वारंवारता तसूभरही बदललेली नसते, आणि डोळ्यातल्या पडद्याला रंग कळतो तो त्या वारंवारतेवरून. शिवाय प्रत्येक किरण डोळ्यातल्या द्रवातून गेल्यावरच पडद्यावर पोचतो, मग तो बादलीतून आलेला असो की हवेतून.

बासरीत मात्र हिशोब उलट्या बाजूने सुरू होतो. बोटांनी कोणती भोकं बंद केली यावर नळीतल्या लहरीची लांबी ठरते, हवेवर वेग ठरतो आणि या दोघांतून निघते ती वारंवारता, म्हणजे सूर. 20 अंशांवरून हवा 30 अंशांवर गेली की वेग 343 वरून 349 च्या आसपास जातो. लांबी तीच, त्यामुळे सूर पावणेदोन टक्क्यांनी चढतो. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत सहा टक्क्यांचं अंतर असतं. तयार कानाला ही तफावत लगेच खटकते. म्हणून थंडीतल्या उघड्यावरच्या मैफलीत बासरीवादक आधी थोडा वेळ फुंकर मारून नळी तापवतात आणि मगच तानपुऱ्याशी सूर जुळवतात.