पहिल्या वर्षाच्या विषयांची माफी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत जुलैच्या आरंभी, कॉलेज बोर्डाच्या एपी अर्थात अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षांचे गुण जाहीर होताच, एक हिशेब मांडला जातो: अमुक विषयांत ५ गुण पडले, सबब तितके श्रेयांक मिळाले, सबब तितके विषय सुटले, सबब तितकी फी वाचली आणि चार वर्षांची पदवी तीन वर्षांत पदरात पडणार. यांतील कोणतीही पायरी सर्वस्वी चुकीची नाही; परंतु एकीवरून दुसरीवर जाण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी खातरजमा करणे अगत्याचे आहे, आणि नेमकी तीच आनंदाच्या भरात राहून जाते.

कॉलेज बोर्डाने १९५५ साली हाती घेतलेल्या या योजनेचा मूळ हेतू सरळ होता. हुशार विद्यार्थ्याने शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या प्रारंभिक पातळीचा विषय शिकावा, मे महिन्यात त्याची परीक्षा द्यावी आणि शिकलेलेच पुन्हा शिकण्यात वर्ष दवडू नये. मात्र १ ते ५ या श्रेणीत गुण देणे एवढेच बोर्डाचे काम. त्या गुणांचे मोल ठरविणे हे ज्या त्या विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. इलिनॉय राज्यात ३ गुणांनाही श्रेयांक देणे सार्वजनिक विद्यापीठांना कायद्याने बंधनकारक आहे. उलट डार्टमथ महाविद्यालयाने २०१४ साली दाखल झालेल्या तुकडीपासून एपीच्या गुणांवर पदवीचे श्रेयांक देणे बंद केले, वरच्या वर्गात बसण्याची मुभा तेवढी कायम ठेवली. म्हणजे श्रेयांक मिळणे ही एक बाब आणि विषय गाळून पुढच्या वर्गात बसणे ही दुसरी. पालक बहुधा या दोहोंची गल्लत करतात.

फीच्या वजावटीचेही तसेच. जेथे पूर्णवेळ विद्यार्थ्याकडून संपूर्ण सत्राची ठोक फी आकारली जाते, तेथे दोन विषय माफ झाले तरी एक डॉलरही वाचत नाही. बचत होते ती अख्खे सत्र कमी झाले तरच. शिवाय भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यास दर सत्रात सामान्यतः किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम घ्यावाच लागतो, तेव्हा विषय सुटले म्हणून हलके सत्र घेण्याची सवलत त्याला नाही.

खरा कस लागतो तो गणितात आणि भौतिकशास्त्रात. एपी फिजिक्स १ हा विषय बीजगणितावर आधारलेला असल्यामुळे, इंजिनिअरिंगला जे कलनावर अधिष्ठित भौतिकशास्त्र लागते, त्याची जागा तो सहसा घेऊ शकत नाही. त्यासाठी फिजिक्स सी हीच परीक्षा हवी. कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ गुण मिळविणाऱ्यास बहुतेक ठिकाणी दोन सत्रांच्या गणिताची माफी मिळते आणि तो थेट अनेक चलांच्या कलनाच्या वर्गात जाऊन बसतो. पण ती परीक्षा अकरावीच्या मे महिन्यात दिली असेल आणि बारावीचे वर्ष संख्याशास्त्रात गेले असेल, तर वर्ग सुरू होईपर्यंत पंधरा महिने उलटलेले असतात, आणि अनंत श्रेणींच्या अभिसरणाच्या कसोट्या तर दूरच, खंडशः संकलनदेखील विस्मरणात गेलेले असते. आपल्याकडे डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट द्वितीय वर्षात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना 'एम-थ्री'चा (गणित-३) पेपर ज्या कारणाने भारी जातो, तेच कारण येथेही आहे: प्रवेश रीतसर असतो, परंतु मधल्या गणिताचा सराव कोणी करवून घेतलेला नसतो.

म्हणून माझे मत असे, की विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाबाहेरचे जे जे माफ होईल ते निःसंकोच माफ करून घ्यावे. संगणकशास्त्राच्या मुलीने इतिहासाचा अथवा अर्थशास्त्राचा प्रारंभिक वर्ग गाळला तर तिच्या पुढील अभ्यासाचे काही बिघडत नाही, उलट आवडीच्या विषयाला जागा होते. मुख्य विषयाचा पाया मात्र गुणांच्या आकड्यावर गाळू नये. जो विषय गाळायचा त्याच विषयाची त्या विद्यापीठाची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका मिळवावी, मुलाला घड्याळ लावून, पुस्तक मिटून सोडवायला बसवावे, आणि निम्मी गणिते अडखळली तर माफी मंजूर असूनही तो वर्ग घ्यावा. तोच विषय पुन्हा घेतल्यास त्याचे एपी श्रेयांक बहुधा रद्द होतात, हे मात्र आधी विचारून घ्यावे. वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे, कारण पदवीच्या विद्यापीठाने मान्य केलेले जीवशास्त्राचे किंवा रसायनशास्त्राचे एपी श्रेयांक काही वैद्यकीय महाविद्यालये पूर्वअट म्हणून ग्राह्य धरीत नाहीत.

मुंबई-पुण्याहून अमेरिकेला निघालेल्यांसाठी एवढेच, की राज्य मंडळाच्या बारावीत कलन शिकलेले असले, तरी त्या गुणपत्रिकेवर अशी माफी मिळेलच असे गृहीत धरू नये. विद्यापीठाच्या दफ्तरी लेखी विचारणा करावी, आणि काही विद्यापीठे स्वतःची प्रवेशोत्तर परीक्षा घेतात तिची तारीख विचारून ठेवावी. एपी दिलेली असेल, तर त्या वर्षीचे गुणपत्रक एका संस्थेला विनामूल्य पाठविण्याची मुदत २० जूनला, म्हणजे गुण हाती येण्यापूर्वीच, संपते. त्यानंतर पैसे पडतात.