दार आधी, रबर मग

कळमनुरी, जि. हिंगोली

चि. वैष्णवी,

तुझं पत्र मिळालं. धुळ्याच्या हँगरमध्ये सेस्ना १७२ च्या दोन्ही दारांचं सील बदलायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून ताईने गल्लीभर पेढे वाटले. मलाही आनंद झाला. पण ‘बीडिंगच तर चिकटवायचं आहे, दुपारपर्यंत होईल’ हे तुझं वाक्य मला खटकलं. विमानाच्या देखभालीत मी आयुष्य काढलं आहे, म्हणून चार गोष्टी सविस्तर लिहितो.

पायलटच्या तक्रारी तू तीन लिहिल्यास: उडताना शिट्टी वाजते, पावसात सतरंजी ओली होते आणि कधीमधी धुराचा वास येतो. तिन्हींचं खापर सीलवर फोडू नकोस. शिट्टी बहुतेक दाराचीच असेल. पाणी मात्र समोरच्या काचेच्या कडेतून किंवा पंख जिथे केबिनला मिळतो तिथूनही उतरतं आणि दारापाशी येऊन साचतं. आधी नळीने एकेका भागावर हळूहळू पाणी सोड आणि आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसव. सतरंजी उचलून खालचा पत्राही बघ, ओल राहिली की ॲल्युमिनियम आतून खायला लागतं.

धुराच्या वासाचं तर सीलशी देणंघेणं नंतर. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो. धुराचा वास येतो म्हणजे तोही सोबत असू शकतो. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो सालाला घेऊन निघालेलं छोटं पायपर विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. सालाच्या रक्तात या वायूचं प्रमाण प्रचंड निघालं. तपासात दाराचं नाव आलं नाही, संशय एक्झॉस्टवर गेला. म्हणून वासाची तक्रार आजच्या आज तुमच्या परवानाधारक इंजिनिअरला सांग. मफलर, त्यावरचं हीटरचं आवरण आणि फायरवॉलमधली भोकं तपासून झाल्याशिवाय ते विमान उडता कामा नये. नवं सील लावल्यावर वास कमी झाला, तर दोष गेला असं कुणालाही म्हणू देऊ नकोस.

आता दाराकडे येऊ. उडताना दाराच्या बाहेरून हवा वेगाने जाते, तिथला दाब आतल्यापेक्षा उतरतो आणि दार बाहेर ओढलं जातं, त्यातही मागची वरची कड. जमिनीवर चपखल बसलेलं दार वर गेल्यावर वाजतं ते यामुळे. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘जाड रबर लाव, फट बुजेल.’ ऐकू नकोस. जाड रबर दारालाच बाहेर ढकलतं, कडी जेमतेम लागते, हँडलवर रोज जोर पडतो आणि एक दिवस उड्डाण घेताना दार उघडतं. दार उघडलं म्हणून सेस्ना पडत नाही. पण नवशिका पायलट ते ओढून लावायच्या नादात विमानाकडे बघायचं विसरतो, आणि अपघात होतो तो त्यापायी.

म्हणून जुनं सील काढण्याआधी दार उघड आणि हँडलच्या बाजूने वर उचलून पाहा. हलकं जरी खालीवर झालं तरी बिजागरीची पिन झिजली आहे, आधी ती बदलून घ्या. मग दार लावून कडेने जागोजागी कागदाची पट्टी अडकव आणि ओढ. कुठे ती फाटायला येईल, कुठे अलगद निघेल. त्या जागा पेन्सिलने लिहून ठेव. जुनं सीलही फेकू नकोस. कुठे ते चपटं झालंय आणि कुठे अजून फुगीर राहिलंय, यावरून दार कुठे टेकतं आणि कुठे टेकतच नाही हे कळतं. जिथे टेकत नाही तिथे दाराचा बाक सुधारायचा असतो, तोही मॅन्युअलप्रमाणे आणि इंजिनिअरच्या देखत.

हीच गोष्ट मोठ्या कामांतही दिसते. आपल्या जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून तिथे हवा उपसून काढायची आहे. ते काम तुझ्यामाझ्या कामापेक्षा कैक पटींनी अवघड. पण जोडाच्या दोन बाजू एकमेकींवर नीट बसल्या नाहीत, तर मधलं सील तिथेही काही करू शकत नाही.

जुना गोंद काढायला लोखंडी पातं नको, प्लॅस्टिकचं घे. एमईके हे द्रावक फडक्यावर घेऊन पूस, विमानावर ओतू नकोस. खिडक्या आधी झाकून टाक, कारण ॲक्रिलिकला त्याचा थेंब लागला तरी बारीक तडे जातात. हातमोजे घाल आणि हँगरचं दार उघडं ठेव.

सील सिलिकॉनचं असेल तर नेहमीचा रबराचा गोंद त्याला धरत नाही, सिलिकॉनचाच लागतो. त्यातही व्हिनेगरसारखा वास येणारा नको, तो ॲल्युमिनियम खातो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने वाळतो, तेव्हा उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ दे. सील निओप्रीनचं असेल तर उलट. गोंद दोन्हीकडे पातळ लावायचा, बोटाला चिकटेल पण तार येणार नाही इतका सुकू द्यायचा आणि मगच बसवायचं. धुळ्याच्या उन्हात ती वेळ चटकन निघून जाते, तेव्हा वीतभर जागेवरच गोंद लावत पुढे सरक.

लावताना सील ताणू नकोस. ताणलेलं रबर हळूहळू आखडतं आणि जोडाशी फट पडते. कोपऱ्यात ते थोडं सैलच वळव. जोड खालच्या कडेला घे आणि तुकडा किंचित लांब कापून दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसव. गोंद पक्का झाल्यावर सीलवर खडूची पूड लावून दार एकदा बंद कर आणि उघड. चौकटीवर अखंड पांढरी रेघ उमटली पाहिजे. तुटली, तर तुझी पेन्सिलची टिपणं काढ.

आणि ते बाजारातलं गाडीचं बीडिंग मनातून काढून टाक. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं विमान प्रायोगिक वर्गातलं. तुझ्यापुढचं विमान प्रमाणित आहे. त्याला पार्ट्स कॅटलॉगमधल्या नंबरचंच सील लागतं, सोबत रिलीज सर्टिफिकेट हवं आणि गोंदाच्या डब्यावरची मुदतही पाहायला हवी. लॉगबुकात काय काय काढलं, काय बसवलं ते तू स्वतः लिहून दे. सही करणारा माणूस ते वाचेल आणि दार स्वतः लावून बघेल, तोवर थांब. संध्याकाळी विमान हवं म्हणून घाई झाली, तर दुसरं विमान घ्या म्हणावं.

चाचणी उड्डाणात मागे बसायची परवानगी मिळाली तर जरूर बस. वेग वाढेल तसा दाराच्या वरच्या कडेशी कान दे. उतरल्यावर हँडल फिरवायला किती जोर लागला ते मला फोनवर सांग. ताईची तब्येत बरी आहे.

तुझा,
मामा