निवारा आणि नाव



कसबा पेठेतील जुन्या कुटुंबांत 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर अजून सांगितला जातो. मुठेच्या पाण्याने एका दिवसात कित्येकांचे संसार धुऊन नेले. तरी पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्यासाठी का होईना, माणसांना आपल्या जागेवर परतता आले. युद्धाने ज्याचे घर व माणसे हिरावली, त्या मुलाला ही परतीची वाटही नसते. अशा मुलाचा आपल्यावर हक्क कोणता, हे समजण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू.

फेब्रुवारी 1940 पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सैबेरिया व कझाकस्तानात नेली. 1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर करार होऊन त्यांची सुटका झाली. पुढील वर्षी लाखाहून अधिक पोलिश लोक इराणात पोहोचले. उपासमार व टायफसने पुष्कळ मुलांचे आईवडील वाटेतच हिरावले होते. इस्फहानात इतकी मुले राहिली, की ते ‘पोलिश मुलांचे शहर’ म्हणून ओळखले गेले. तेथे कोणी त्यांचा धर्म विचारून भाकरी दिली नाही; मुले ख्रिस्ती होती आणि आश्रय देणारा देश मुस्लिम.

त्यांतील काही जण भारतात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. तेथे सुमारे 5,000 निर्वासित होते, बहुतांश स्त्रिया व मुले. बराकी साध्याच, परंतु छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होते, बालवीर पथके होती. मुलांची भाषा व नावे त्यांच्याजवळच राहू दिली गेली. माझ्या मते अन्नवस्त्रापेक्षा हीच गोष्ट अधिक अभ्यासण्याजोगी आहे.

कारण येथे आपल्याला हजरत जैद बिन हारिसा (र.) आठवतात. ते लहान असताना आईबरोबर तिच्या माहेरी गेले होते. टोळीच्या हल्ल्यात ते पकडले गेले आणि उकाजच्या बाजारात विकले गेले. पुढे हजरत खदीजा (र.) यांच्यामार्फत ते आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी आले. वडील शोधत शोधत खंडणी घेऊन मक्केला पोहोचले, तेव्हा प्रेषितांनी (स.) खंडणीचा विषयच ठेवला नाही, मुलाने स्वतः निवड करावी, एवढेच सांगितले. जैद (र.) राहिले. लोक त्यांना ‘जैद बिन मुहम्मद’ म्हणू लागले. मग सूरह अल-अहजाबमध्ये आदेश आला, की मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावानेच हाक मारावी. जे पालक स्वतः जन्मापूर्वी पित्याला आणि सहाव्या वर्षी आईला मुकले होते, ज्यांचे प्रेम संशयापलीकडचे होते, त्यांच्याही घरी हा नियम लागू झाला.

आपल्या समाजात अनाथाला दत्तक घेताना त्याचे मूळ नाव व घराणे पुसून टाकणे हीच माया, असे पुष्कळांना वाटते. कुरआनची दृष्टी निराळी आहे: संगोपन पूर्ण करावे, परंतु मुलाचा वंश, आठवण आणि त्याची मालमत्ता त्याचीच राहावी. सूरह अन-निसाच्या आरंभीच अनाथाच्या मालमत्तेबद्दल कडक ताकीद आहे. तीत त्याच्या धर्माची अट नाही.

वळिवड्याच्या मुलांसाठी 1945 मधील युद्धसमाप्तीही घर घेऊन आली नाही. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला होता. त्यामुळे 1948 पर्यंत पुष्कळ जण ब्रिटन व अन्य देशांकडे निघून गेले.

बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडावे लागलेली हिंदू कुटुंबे तेथे वसली. त्यांचे घर मुस्लिमबहुल प्रदेशात सुटले होते, ही गोष्ट हा धडा मुलांना शिकवताना वगळू नये. ती वसाहत आज गांधीनगर या नावाने, कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखली जाते.