हिरवळ आणि समुद्रगाय

उन्हाळा म्हटला की तापलेली जमीन, आटलेल्या विहिरी आणि करपलेले माळ आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आपल्याकडे उन्हाळा सरतो तेव्हा कोठे पावसाळा सुरू होतो. हे दोन ऋतू एकमेकांच्या पाठोपाठ येतात, एकत्र नांदत नाहीत. परंतु पृथ्वीवर असेही प्रदेश आहेत, की जेथे उन्हाळा हाच पावसाळा असतो. अमेरिकेच्या आग्नेय टोकास असलेले फ्लोरिडा हे राज्य त्यांपैकी एक होय.

नकाशात पाहा. फ्लोरिडातील ओर्लँडो शहर आणि आपली दिल्ली ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्ही उपोष्ण प्रदेशात मोडतात. पण दिल्ली समुद्रापासून दूर, म्हणून तेथे मे-जूनमध्ये अंग भाजून काढणारी लू वाहते. फ्लोरिडा मात्र जिभेसारखे समुद्रात शिरलेले द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्वेस अटलांटिक महासागर, तर पश्चिमेस मेक्सिकोचे आखात. दुपारी जमीन तापली की दोन्ही बाजूंनी सागरी वारे आत शिरतात आणि मध्यभागी एकमेकांना भिडतात. बाष्पाने भरलेली हवा मग वर चढते आणि पाहता पाहता काळे ढग जमतात. विजांचा कडकडाट होऊन तासाभरात अंगण जलमय होते, आणि लगेच ऊनही पडते! जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या द्वीपकल्पावर वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस पडतो. चक्रीवादळांचा हंगामही १ जूनलाच सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो.

अशा या प्रदेशात ठिकठिकाणी आखीव वसाहती आहेत. वळणावळणाचे रस्ते, एकसारखी बैठी घरे, मधूनमधून तळी आणि प्रत्येक घरापुढे हिरवीगार हिरवळ, असे त्यांचे रूप असते. ही तळी बहुधा निसर्गनिर्मित नसतात. घरांच्या पायाभरणीसाठी माती काढली जाते आणि त्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साठवले जाते. पुष्कळ तळ्यांत मगरीच्या जातीचे अ‍ॅलिगेटर येऊन राहतात. त्यांना खाऊ घालणे हा तेथे कायद्याने गुन्हा आहे. कारण माणसाच्या हातून खाणे मिळू लागले, की त्यांची माणसाविषयीची भीती जाते.

मुलांना जूनपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुटी असते. सकाळी सायकली आणि पोहण्याचे तलाव, दुपारी घरात, असा त्यांचा शिरस्ता. मेघगर्जना कानी पडताच तलावातून सर्वांनी बाहेर यावयाचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे पाण्यात उतरावयाचे नाही, हा नियम तेथील लहान मुलासही ठाऊक असतो. फ्लोरिडा हे अमेरिकेतील सर्वाधिक विजा पडणाऱ्या राज्यांपैकी एक असल्यामुळे या नियमाची थट्टा कोणी करीत नाही.

ऊन आणि पाऊस असे हातात हात घालून आल्यावर गवत का वाढू नये? तेथे बहुतेक अंगणांत ‘सेंट ऑगस्टीन’ नावाचे रुंद पात्याचे गवत लावतात. ते जमिनीवर धुमारे पसरीत सर्वत्र माजते. हिवाळ्यात ते मंदावते. उन्हाळ्यात मात्र दर आठवड्यास कापावे लागते. भल्या सकाळी यंत्रांची घरघर सुरू होते आणि ऊन चढण्यापूर्वी मजूर पुढच्या गल्लीत गेलेले असतात. हे गवत साडेतीन-चार इंचांहून खाली कापू नये, असे जाणकार सांगतात. आखूड कापले की मुळे उथळ राहतात आणि ‘चिंच बग’ नावाच्या रस शोषणाऱ्या बारीक किड्यांना ते लवकर बळी पडते. इतकी काळजी घेतल्यावर हिरवळ डोळ्यांना सुखवते, यात संशय नाही. पण प्रत्येक घरापुढे तीच एक हिरवळ पाहून मन थोडे कंटाळते, हेही खरे.

या हिरवळीसाठी वसाहतीच्या रहिवासी संघाचे कडक नियम असतात. गवत वाढले तर सूचनापत्र येते, वाळले तर दंड होतो. २००८ साली तर एक विलक्षण प्रकार घडला. एका वृद्ध गृहस्थांच्या घरापुढील गवत वाळले. नवी हिरवळ लावण्याचा आदेश न्यायालयाने दिला. परंतु तेवढा खर्च करण्याची त्यांची ऐपत नव्हती. आदेश मोडला म्हणून त्यांना चक्क तुरुंगात जावे लागले! हे कळताच आसपासचे लोक धावून आले. त्यांनी स्वखर्चाने हिरवळीच्या लाद्या आणून त्यांच्या अंगणात बसविल्या, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. शेजारधर्माची ही कथा गोड आहे. मात्र गवतासाठी माणूस कोठडीत जावा, ही गोष्ट आपल्यासारख्यांना सहज पटणारी नाही.

आता या हिरवळीचा समुद्राशी काय संबंध आहे, तो पाहू. फ्लोरिडाची माती बहुतांशी वाळू आहे. वाळू पाणी धरून ठेवीत नाही आणि खतही धरून ठेवीत नाही. गवत गर्द दिसावे म्हणून त्यावर नत्र आणि स्फुरद यांची खते टाकतात. दुपारी धो धो पाऊस येतो. गवताने शोषून घेण्यापूर्वीच बरेचसे खत विरघळून वाहू लागते. काही जमिनीत झिरपते. काही रस्त्याच्या कडेच्या गटारातून तळ्यात, तळ्यातून ओढ्यात आणि शेवटी समुद्रकाठच्या उथळ पाण्यात जाते. रस्त्यावर पडलेल्या कापलेल्या गवताचीही हीच गत. तेच गवत हिरवळीवर राहू दिले, तर कुजून खताचे काम करते. रस्त्यावर गेले, की पाणी बिघडवते.

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचे ‘इंडियन रिव्हर’ नावाचे खाजण आहे. नावात नदी असली तरी ती नदी नव्हे. जमीन आणि वाळूचे अरुंद पट्टे यांच्यामध्ये अडकलेले हे उथळ, खारट पाणी आहे. समुद्राशी जोडणारी त्याची मुखे मोजकीच. त्यामुळे आत आलेले पाणी लवकर बाहेर जात नाही. या पाण्याच्या तळाशी समुद्रगवताची कुरणे असतात, आणि त्या कुरणांत चरणारा प्राणी म्हणजे मॅनाटी, अर्थात समुद्रगाय. सुमारे तीन मीटर लांबीचा आणि बहुधा साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा हा प्राणी अत्यंत निरुपद्रवी असून दिवसाचे कित्येक तास चरत असतो. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ पाल्कच्या उपसागरात आढळणारा ड्यूगाँग हा त्याचाच नातलग.

पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले की सूक्ष्म शैवाल भराभर वाढते आणि पाणी गढूळ, हिरवट होते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. प्रकाश नाही म्हणून समुद्रगवत मरते. २०११ साली या खाजणात शैवालाची प्रचंड वाढ झाली, आणि पुढील वर्षांत तेथील निम्म्याहून अधिक समुद्रगवत नाहीसे झाले. हिवाळ्यात मॅनाटी थंडी सोसू शकत नाहीत. केप कॅनाव्हरल येथील वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याजवळ त्यांचे थवे गोळा होतात. ऊब होती, पण जवळपास चारा उरला नव्हता. चाऱ्यासाठी दूर जावे तर थंडीने मृत्यू! २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनाटी मेले. त्यांपैकी पुष्कळ उपासमारीने गेले. अखेर २०२१-२२ च्या हिवाळ्यात शासनाने त्यांना लेट्यूसची पाने खाऊ घातली. सुमारे ९० टन पाने लागली. वन्य प्राण्याला माणसाने भाजी पुरवावी, अशी पाळी आली.

या अनर्थाचा सगळा दोष हिरवळीच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. घराघरांचे संडासांचे शोषखड्डे आणि सांडपाणी यांतूनही पुष्कळ नत्र या पाण्यात उतरतो, आणि ते थांबविण्यास फार मोठा खर्च येतो. हिरवळीचे तसे नाही. तेथे उन्हाळ्यात खत न टाकणे एवढेच पुरते, आणि त्याला पैसा लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील सारासोटा या काउंटीने, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाने, २००७ साली नियम केला, की पावसाळी महिन्यांत नत्र आणि स्फुरद असलेली खते हिरवळीस घालावयाची नाहीत. २०१० साली पिनेलस काउंटीने आणि पुढे खाजणाच्या काठच्या अनेक काउंट्यांनी असेच नियम केले. २००९ साली राज्याने आणखी एक कायदा केला. स्थानिक हवामानास मानवणारी, कमी पाणी आणि कमी खत लागणारी बाग लावण्यास कोणत्याही रहिवासी संघाला मनाई करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. खाजणाच्या काही भागांत अलीकडे समुद्रगवत पुन्हा धरू लागले आहे; परंतु ते पूर्वीसारखे पसरलेले नाही.

मग हिरवळ कमी करून तेथे लावावे तरी काय? कोणी सबल नावाचा ताड लावतो. हा फ्लोरिडाचा राज्यवृक्ष. चक्रीवादळात तो टिकाव धरतो. फक्त त्याची वाळलेली झावळीच काढावी लागते. वादळाच्या भीतीने हिरवी झावळी छाटणारे लोक त्याला उलट दुबळे करतात. रस्त्यांच्या कडेला उन्हाळ्यात क्रेप मर्टल फुलते. त्याची गुलाबी-जांभळी, चुरगळलेल्या रेशमासारखी फुले पाहून मराठी माणसाला ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटावे. कारण आपल्या राज्याचे फूल ताम्हण याच्याच प्रजातीतले आहे.

आणखी एक झुडूप म्हणजे कुंटी. सायकसशी नाते असलेले हे झुडूप मूळचे फ्लोरिडाचेच. त्याच्या खोडापासून पूर्वी पिठी काढीत. त्या पिठीसाठी लोकांनी ते इतके उपटले, की रानांतून ते दुर्मिळ झाले. त्याबरोबर अटाला नावाचे फुलपाखरूही दिसेनासे झाले, कारण तेथील रानात त्याच्या अळ्यांचे अन्न हे एकच झुडूप. काही काळ शास्त्रज्ञ ते नामशेष झाले असेच समजत. पुढे लोकांनी शोभेसाठी घरापुढे कुंटी लावण्यास सुरुवात केली, आणि काळ्या पंखांवर निळे ठिपके आणि लालभडक पोट असलेली ही फुलपाखरे आग्नेय फ्लोरिडाच्या अंगणांत पुन्हा बागडू लागली. मधूनमधून त्यांच्या लाल अळ्या कुंटीची सारी पाने फस्त करतात. नवखा माणूस अशा वेळी कीटकनाशकाची बाटली शोधतो. जाणता माणूस थोडे दिवस थांबतो. कुंटीला पुन्हा पाने फुटतात.