वर्ग उघडायचे, पण कधी?

प्रश्न : साथ पूर्ण संपलेली नसताना शाळा सुरू करणं सुरक्षित आहे, हे कशावरून ठरवायचं?

उत्तर : फक्त तारखेवरून नक्कीच नाही. आधी पाहायचा तो गावातला, वस्तीतला संसर्ग. महाराष्ट्राने जुलै २०२१मध्ये ग्रामीण भागातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्यासाठी हाच निकष लावला होता : महिनाभर गावात कोरोनाचा एकही रुग्ण नको. निर्णय सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे होता, शिवाय पालकांची संमती आवश्यक होती. अधिकार गावाकडे दिले, हे योग्यच झालं. मुंबईतल्या आकड्यांवरून गडचिरोलीतल्या पाड्यावरची शाळा बंद ठेवण्यात काय अर्थ?

दुसरी गोष्ट म्हणजे वर्गातली हवा.

इस्रायलने मे २०२०मध्ये शाळा पूर्ण उघडल्या. उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती काही दिवस उठवली गेली, गच्च भरलेल्या वर्गांत वातानुकूलन सुरू होतं. जेरुसलेमच्या एका शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित आढळले. डेन्मार्कने एप्रिलमध्येच लहान मुलांचे वर्ग उघडले होते. पण छोटे गट करून, शक्य तितका वेळ मोकळ्या हवेत. तिथे शाळांमुळे साथ भडकली नाही.

म्हणून पालकांनी शाळेला थेट विचारावं : खिडक्या उघडतात का? एका वर्गात किती मुलं बसणार? शिक्षकांचं लसीकरण झालं का? मूल आजारी पडलं तर कोणाला कळवायचं? उत्तरं मोघम मिळाली, तर पालक सभेत पुन्हा विचारावं. आणि मोबाइल नसलेल्या घरातल्या मुलांचा अभ्यास वर्ग बंद होताच थांबतो, हे नुकसानही निर्णय घेताना मोजलंच पाहिजे.