एअरबॅगचा मेंदू आणि मांडीवरचं बाळ

गतीचे नियम शिकवताना जडत्वासाठी आपण अजूनही एसटीचंच उदाहरण देतो. ब्रेक लागला की प्रवासी पुढे कलंडतात. उदाहरण चांगलंच आहे. पण आता वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी चारचाकी आहे, आणि तिच्यात हाच नियम सतत मोजत बसलेला एक छोटा संगणक आहे. आज त्याच्याबद्दल.

याला एअरबॅग कंट्रोल युनिट म्हणतात. बहुतेक गाड्यांत ते पुढच्या दोन सीटच्या मध्ये, गाडीच्या तळाला घट्ट बोल्ट करून बसवलेलं असतं. आत त्वरण मोजणारा सेन्सर असतो. खड्ड्यात गाडी आदळली तर धक्का जोराचा, पण क्षणभराचा असतो. गाडीचा वेग फारसा घटत नाही. धडकेत मात्र वेग झपाट्याने घटतो आणि घटतच राहतो. हा फरक ओळखणं हे या संगणकाचं खरं काम.

आणि वेळ किती मिळतो? मुलांकडून फळ्यावर गणित करून घ्या. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. संगणक साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय घेतो. ३० मिलिसेकंदांत १४ मीटर वेगाने जाणारी वस्तू ४२ सेंमी पुढे जाते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो! निर्णय झाला की एक छोटा स्फोटक पेटतो, वायू तयार होतो आणि पुढच्या ३०-४० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. धडकेत बॅटरीची तार तुटली तरी चालतं, कारण तेवढी वीज युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये आधीच साठवलेली असते. (कपॅसिटर कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.)

आता स्टिअरिंगवरची अक्षरं पाहा. एसआरएस. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ आहे ‘पूरक’. पूरक कशाला? सीटबेल्टला. एअरबॅग म्हणजे गादी नव्हे. ती ताशी ३०० किमीच्या आसपास वेगाने बाहेर येते आणि मागच्या छिद्रांतून लगेच रिकामी होऊ लागते. बेल्टने धरून ठेवलेलं शरीर नेमक्या वेळी तिच्यावर टेकावं, असा सगळा हिशोब आहे. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे सरकलेला असतो आणि फुगणारी पिशवीच त्याच्यावर आदळते. म्हणून चालकाची छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंमी लांब हवी.

बेल्टच्या बकलमध्येही एक स्विच असतो. बेल्ट लावला नाही तर होणारी टीं-टीं त्याच्यामुळेच. काही गाड्यांत एअरबॅग किती जोराच्या धडकेला उघडायची, हेही त्या स्विचकडे पाहून ठरतं. आवाज बंद करायला काही जण बकलमध्ये नुसती धातूची क्लिप अडकवतात. म्हणजे थेट संगणकाशी खोटं बोलणं! तो समजतो बेल्ट लावलाय आणि त्याप्रमाणे वागतो. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या क्लिपांची ऑनलाइन विक्री थांबवण्याचे आदेश दिले. तरीही कुणाच्या गाडीत दिसली तर काढायला सांगाच.

मागे बसलं की बेल्ट लागत नाही, हा आपला आणखी एक समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅगही होत्या. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

सगळ्यात काळजी वाटते ती पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाची. हे दृश्य आपण रोज बघतो, म्हणून खटकत नाही. १० किलोचं बाळ, वेग ताशी ५०, गाडी ०.१ सेकंदात थांबली असं धरा. बल = वस्तुमान × त्वरण, म्हणजे सुमारे १४०० न्यूटन. म्हणजे त्या क्षणी आईला जवळजवळ १४० किलो धरून ठेवावे लागतील. कुठल्याच आईच्या हातात ते नाही. वर एअरबॅग त्या बाळावरच उघडणार. मागच्या दिशेला तोंड असलेली बाळाची सीटसुद्धा चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही. तिची जागा मागे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, पण वरचं गणित पालकसभेत फळ्यावर जरूर मांडा.

मुलांना एक घरचा अभ्यास द्या. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर माणूस आणि समोर गोल फुगा असा दिवा लागतो. काही सेकंद संगणक स्वतःची तपासणी करतो आणि दिवा विझतो. तो विझतो का, हे मुलांनी पाहून वहीत लिहायचं. विझत नसेल, किंवा मुळात लागतच नसेल, तर बाबांना त्याच आठवड्यात गाडी वर्कशॉपमध्ये न्यायला सांगायचं.